भिंतीवरची कोथळी

माझी ताई परंपरा जपते. म्हणजे काय, तर तिच्या बैठकीच्या खोलीत सोफ्याच्या वर एक मोठी काचेची फ्रेम आहे, तिच्यावर छोटा दिवा आहे आणि आत आमच्या याडीनं, म्हणजे आईनं, ताईला लग्नात दिलेली कोथळी आहे. आम्ही लंबाडी. आमची नवरी सासरी निघते तेव्हा आईच्या हातची अशी पिशवी तिच्या खांद्यावर असते. लाल कापड, काठाला कवड्या, मधे आरसे आणि टाका इतका दाट की कापड शोधावं लागतं.

आता खरं सांगते. लग्नात ताईला या कोथळीची लाज वाटत होती. नवरा साहेब, सासरची माणसं सुरी-काट्यानं जेवणारी. तिनं कोथळी गाडीत पायाखाली सरकवली आणि पोचल्यावर माळ्यावर टाकली. बऱ्याच वर्षांनी कुणी मोठ्या घरची बाई असल्या भरतकामाला 'अहाहा' म्हणाली, तशा ताईच्या अंगात सात पिढ्या संचारल्या. कोथळी माळ्यावरून थेट भिंतीवर! तेव्हापासून ताई महिला मंडळांत भाषणं देते. साधं बटण लावायला तिला माझं शिवणाचं दुकान गाठावं लागतं, ते सोडा. मी लग्नच केलं नाही, त्यामुळे मला कोथळी नाही, मतं मात्र भरपूर आहेत.

याडीनं त्या कोथळीचं तोंड दोन सैल टाक्यांनी बंद केलं होतं. सासरी गेल्यावर मुलीनं ते उसवायचं, ही तिची पद्धत. फ्रेममध्ये ते टाके तसेच दिसायचे. मला वाटायचं, शोभेसाठी पुन्हा घातले असतील. भाषणात ताई म्हणायची, "ही मिटलेली कोथळी म्हणजे स्त्रीच्या मौनाचं प्रतीक." बायका टाळ्या वाजवायच्या आणि मी चहाचे कप गोळा करायची.

मग ताईच्या मुलीचं, चिमीचं लग्न ठरलं. चिमी म्हणाली, "मला आजीची कोथळी हवी. खांद्यावर."

"अगं, भिंत किती रिकामी दिसेल!"

"मग भिंतीचंच लग्न लाव."

भाची माझ्यावर गेलीय. ताईनं बाजारातून मशीनवर शिवलेली पिशवी आणली, प्लॅस्टिकचे आरसे चिकटवलेली. चिमीनं ती हातातही घेतली नाही. "मी रिकाम्या खांद्यानं जाईन," ती म्हणाली, "आणि का ते सगळ्यांना सांगेन." सगळ्यांना म्हटल्यावर ताईच्या तोंडचं पाणी पळालं. लग्नाच्या आदल्या दिवशी फ्रेमवाला आला.

त्यानं फ्रेम पालथी घातली, खिळे काढले आणि मान हलवली. "बाई, अवघड आहे. मागून पक्का डिंक लावलाय. तुम्हीच म्हणालात, एक सुरकुती नको. त्यात आत काहीतरी मऊ होतं, ते दाबून बसवायला दुप्पट लावला."

"आत काय होतं?" मी विचारलं.

"मला काय ठाऊक? पिशवी तुमची."

मी ताईकडे बघितलं. "ताई, तू ही उघडलीच नाहीस?"

"ते प्रतीक..." ताई म्हणाली.

फ्रेमवाल्यानं पातळ पातं घालून कोथळी हळूहळू सोडवली. मागचं कापड जागोजाग फळीलाच राहिलं, पुढचा भाग वाचला. चिमीनं दोन टाके कापले, आत हात घातला आणि एक टोपडं बाहेर काढलं. तान्ह्या बाळाचं, लाल, कपाळावर कवड्यांची ओळ असलेलं.

चिमी झाली तेव्हा ताई याडीच्या हातच्या टोपड्याची वाट बघत होती. ते आलं नाही. "पहिल्या नातीला एक चिंधी पाठवली नाही," म्हणून तिनं याडीशी बोलणं टाकलं, ते याडी गेली तोवर. एरवी मी म्हटलं असतं, काखेत कळसा नि गावाला वळसा. याडीला तेव्हाच कळलं असणार, पोरीनं कोथळी उघडलीच नाही. तिनं एका शब्दानं विचारलं नाही. मला ताईचा भयंकर राग आला आणि तिच्याकडे बघून रडूही आलं.

ताईनं टोपडं चिमीच्या डोक्यावर ठेवून बघितलं. ते कुठलं बसायला! मग तिनं ते घडी करून परत कोथळीत ठेवलं आणि कोथळी माझ्यापुढे केली. मी रात्री तिला मागून नवं कापड लावलं आणि तोंडाला दोन सैल टाके घातले.

दुसऱ्या दिवशी निघताना ताईनं ती चिमीच्या खांद्याला अडकवली. भोवती पाहुणे जमले होते, कुणीतरी म्हणालंही, "सांगा ना हिच्याबद्दल काहीतरी." ताईला ऐकूच आलं नाही.

"पोचल्या पोचल्या उघड," ती चिमीला म्हणाली. "कपडे बदलायच्या आधी. आणि उघडलीस की मला फोन कर."