तळातला जोंधळा

बाजारात वरचा दाणा बघून पोतं घेणारा माणूस मी न्हाय. कोपरापर्यंत हात घालायचा, तळातला दाणा काढायचा, उन्हात धरायचा, मगच भावाचं बोलायचं. माझी बायको केशरबाई म्हणती, तुमी ताटातली भाकरीबी उलटी करून बघता. बघतो तर बघतो! बहात्तरच्या दुष्काळात रेशनच्या पोत्यात वरून परदेशी लाल मिलो आन् खालून खडे, असलं खाल्लंय आमी.

तर असल्या माणसानं बियाणाच्या कंपनीचा कागद केला. सोसायटीचे चेअरमन आबाराव मधी पडले. कंपनी संकरित जोंधळ्याचं बी देणार, ते म्या तीन एकरांत वाढवायचं, आन् तपासणीत प्लॉट पास झाला तर कंपनीच बाजाराच्या दुप्पट भावानं उचलणार. कागद म्या मास्तराकडून तीनदा वाचून घेतला. फसवणूक कुठंतरी असणारच, फक्त सापडत नव्हती. एक अट मातूर लई अवघड व्हती. रानात आन् चहूबाजूंनी तीनशे पावलांत दुसरा जोंधळा नको, न्हायतर परका फुलोरा वाऱ्यानं येतो आन् बियाणं बाटतं.

माझ्या बांधाला लागून पुतळाबाईचं दीड एकर. बौद्धवाड्यातली बाई, नवरा गेलेला, पदरात दोन लेकरं, वर्षाची भाकरी तेवढ्याच रानावर. मी बांधावर जाऊन म्हणलं, औंदा जोंधळा पेरू नको, सुगीला दोन पोती जोंधळा माझ्याकडनं. तिनं इचारलं, कागद करता का? मला राग आला. म्हणलं, तात्यारावाचा शब्द हाय. तिनं निमूट उडीद पेरला.

त्याच्या आदी, वैशाखात, म्या बिराप्पा धनगराची मेंढरं रानात बसवली व्हती. रानाच्या मधी आठ दिवस गोल जाळी लावून कळप कोंडला. त्याला पायली पायली धान्य मोजून दिलं, पण लेंडीखत असं पडलं की सोसायटीच्या खताच्या पोत्यात तसं मिळत न्हाय. मी मिशीवर ताव देत फिरलो.

पीक बी जोरात आलं. बियाणासाठी लावत्यात तशा चार ओळी मादीच्या, दोन नराच्या, रांग कशी सरळ. भादव्यात झड लागली, पंधरा दिवस चिखलात पाय घालवंना. उघडीप झाली आन् कंपनीचा सायब फटफटीवर आला. रानाच्या मधी शिरला आन् थांबला. बुटक्या संकरिताच्या डोक्यावरून गावरान जोंधळा मान काढून उभा व्हता, एकदोन न्हाय, शेकड्यानं. सायबानं एक कणीस हलवलं तर भुकटी उडाली. म्हणला, परका फुलोरा झडून गेलाय, प्लॉट नापास.

माझ्या डोळ्यांपुढं लगेच पुतळाबाई आली. पेरणी झाल्यावर ती माझ्या बांधावर वाकलेली म्या बघितली व्हती, वटीत कायतरी घेऊन. माझं चांगलं झालेलं तिला बघवलं न्हाय, दुसरं काय! चावडीवर सगळ्यांदेखत म्या सांगितलं, हिनं माझ्या रानात जोंधळा फेकला, आता एक दाणा मिळायचा न्हाय.

ती रडली न्हाय. म्हणली, "वटीत बांधावरची कुंजराची रानभाजी व्हती, तात्या. घरात जोंधळा असता तर माझ्या लेकरांनी खाल्ला नसता का? तुमच्या रानात कशाला फेकला असता?"

म्या म्हणलं, बघा, तोंड कसं चालतंय.

सुगी आली. नापास जोंधळा खायला चालतो, म्हणून काढणी केली. ती गावरान जोंधळ्याची उंच ताटं जनावरांसाठी येगळी कापायची व्हती. केशरबाई कापता कापता उभी राहिली आन् मला हाक मारली. म्हणली, बांधाकडं बघा, तिकडं एक तरी उंच ताट हाय का? नव्हतं. सगळी रानाच्या मधी, आन् मधी बी कशी, तर गोलात. बिराप्पाची जाळी लावली व्हती तेवढ्याच गोलात.

मेंढरं दुसऱ्याच्या शिवारात जोंधळ्याची कणसं खाऊन आलेली. न पचलेला दाणा लेंडीतनं माझ्या रानात पडला आन् पावसानं उगवला. पायली मोजून म्याच आणला व्हता तो.

"काखेत कळसा आन् गावाला वळसा," केशरबाई म्हणली आन् परत कापाय लागली. त्या बाईला म्या चोर ठरवलं, आन् तिची लेकरं महिनाभर उडदाच्या घुगऱ्यांवर व्हती.

दुसऱ्या दिवशी दोन पोती गाडीत घालून बौद्धवाड्यात गेलो. उभ्या जन्मात त्या दारात गेलो नव्हतो. पुतळाबाई उंबऱ्यात उभी राहिली. म्हणली, "चावडीवर बोललात ते आदी चावडीवर फेडा. मग पोती उतरवा."

गाडी तशीच वळवली. चावडीवर म्या सगळं सांगितलं, मेंढरं, लेंडी, गोल, सगळं. आबाराव हसले. म्हणले, बाईनं केस करायची भीती घातलेली दिसती. बाकीच्यांनी माना डोलवल्या. म्या खोटं बोललो तवा गावानं लगेच मानलं व्हतं. आता खरं सांगत व्हतो तर एकालाबी पटंना. लिंबाखाली पुतळाबाई ऐकत व्हती. ती घराकडं चालाय लागली. मी गाडी तिच्या मागं घेतली.

दारात पोती उतरवली. तिनं एकाची सुतळी सोडली, बांगड्या वर सारल्या आन् कोपरापर्यंत हात घातला. तळातला मूठभर दाणा काढून उन्हात धरला, किती तरी येळ बघत राहिली.

मला म्हणावं वाटलं, पुतळाबाई, वर हाय तोच तळाला हाय. पण कोणत्या तोंडानं म्हणू? मी गाडीला धरून उभा राहिलो. तिनं मूठ पोत्यात सोडली आन् दुसऱ्या पोत्याच्या सुतळीला हात घातला.