टोपी काढली की पडायचं

कोच फूनं टोपी काढून टक्कल पुसलं की झिहाओनं पाय धरून गवतावर लोळायचं, असं ठरलेलं होतं. चीनमधल्या दालियन शहरातल्या त्या फुटबॉल क्लबात याला डावपेच म्हणत. एकदा लाज सोडली की माणूस कशालाही काहीही म्हणतो.

लुआन झिहाओ उजव्या बाजूचा विंगर. नऊ वर्षांचा असताना बापानं त्याला बेटावरून बोटीत बसवून शहरातल्या क्रीडाशाळेत टाकलं, आणि तेव्हापासून रेषेला चिकटून धावणं एवढंच त्यानं केलं. वारा प्यायलेल्या वासरासारखा उधळायचा. समोरच्याला चकवून चेंडू गोलपुढे टाकायचा तेव्हा शाळेचा आचारीसुद्धा कढई सोडून बाहेर यायचा. पुढे दुसऱ्या श्रेणीतल्या या क्लबाशी करार झाला, पेपरात फोटो आला, बेटावर फटाके वाजले. आणि मग तो नियम आला.

नियम बिचारा चांगल्या हेतूनं केलेला. सामना सुरू करताना प्रत्येक संघात तेविशीच्या आतला एक तरी खेळाडू हवा, म्हणजे नवी पोरं तयार होतील. पण त्याला मैदानात किती वेळ ठेवायचं, हे कुणी लिहिलं नव्हतं. झालं, सगळ्यांना पळवाट सापडली. पोराला उतरवायचं, त्याला घाम फुटायच्या आत बाहेर काढायचं आणि मुरलेला गडी आत पाठवायचा. झिहाओची सगळी कारकीर्द या नियमात अडकली. प्रेक्षकांनी त्याचं नाव ठेवलं ‘सोया सॉस’. आईनं कोपऱ्यावरच्या दुकानात सोया सॉस आणायला पिटाळलेलं पोर, आलं काय नि गेलं काय! यंदा वरून तंबी आली की धडधाकट पोरांना असं काढू नका. मग फूनं दुखापतीची शक्कल लढवली.

“कोच, मी मुद्दाम पडतो हे सगळ्यांना कळतं हो,” झिहाओ एकदा म्हणाला.

“कळू दे की. कळणं वेगळं, सिद्ध होणं वेगळं,” फू म्हणाला. “दुसऱ्या कुठल्या क्लबात तुला विचारतंय का कुत्रं? मग गप लोळ.”

पहिल्यांदा लोळला त्या दिवशी झिहाओला जेवण गेलं नाही. पुढे जायला लागलं. त्याला स्वतःची खरी शिसारी आली ती याची.

त्याचा बाप देगुई बेटावर कालवं पिकवायचा. मुलाचा एकही सामना त्यानं पाहिला नव्हता. हे सामने टीव्हीवर दिसत नसत, आणि दर खेपेला काहीतरी आडवं यायचंच. धुकं उतरलं की बोट बंद. एकदा पोचला तर दारावरच्या झडतीत अडकला, आणि आत शिरला तेव्हा झिहाओ बाकावर बसून पाणी पीत होता. “अहो, आत्ताच तर सुरू झालं ना?” त्यानं शेजारच्याला विचारलं. शेजारचा नुसता हसला.

या खेपेला देगुई आदल्या दिवशीच शहरात येऊन आतेभावाकडे उतरला. येताना त्यानं वाळवलेल्या समुद्रकाकड्यांचा, म्हणजे तिकडे चवीनं खातात त्या महागड्या समुद्रजीवांचा, डबा आणला होता. तो डबा घेऊन झिहाओ फूच्या घरी गेला. मोठ्यांकडे मागायला जायचं तर रिकाम्या हातानं जायचं नसतं.

“उद्या बाबा येणार आहेत, कोच. त्यांनी मला खेळताना कधी पाहिलंच नाही. निदान मध्यंतरापर्यंत राहू द्या.”

फूनं झाकण उघडून वास घेतला. “बापाच्या हातचा माल दिसतोय. जा, खेळ मध्यंतरापर्यंत. उद्या टोपी डोक्याला चिकटवूनच येतो, मग तर झालं?”

दुसऱ्या दिवशी धुक्याचा मागमूस नव्हता. झिहाओ असा खेळला की टोमणे मारायला आलेले लोक टोमणे विसरले. समोरच्या बचावपटूला त्यानं दोनदा पार उल्लू बनवलं, आणि एकदा त्याचा फटका गोलच्या आडव्या दांड्यावर आदळला. तिसऱ्या रांगेत देगुई खुर्चीवर चढून उभा होता. मागचे लोक ओरडत होते, “ओ काका, खाली बसा!” पण काका कसले ऐकतात! झिहाओला हसू आलं. किती दिवसांनी त्याला खेळावंसं वाटत होतं.

तेवढ्यात पलीकडच्या संघाचा एक चेंडू आपल्या गोलला चाटून गेला आणि फूचं धाबं दणाणलं. त्यानं टोपी काढली.

झिहाओनं न पाहिल्यासारखं केलं. फू खाकरला. मग टक्कल असं घासू लागला की उन्हात चकाकायला लागलं. रेषेपाशी बत्तीस वर्षांचा शान शर्ट खोचून तयार उभा होता. मध्यंतराला अजून बराच वेळ होता. पडायचं नाही, असं झिहाओनं मनाशी म्हटलंसुद्धा. पण शरीराला लागलेली सवय वाईट. पुढचा चेंडू आला आणि गुडघे आपोआप दुमडले. तो पाय धरून लोळला, कण्हला. स्ट्रेचर आलं. “सोया सॉस! सोया सॉस!” स्टेडियम गरजलं.

उपचाराच्या खोलीत क्लबाच्या डॉक्टर मिआओनं त्याच्याकडे पाहिलंही नाही. तो सूर्यफुलाच्या बिया फोडत मोबाइल बघत बसला होता. इतक्यात पहारेकऱ्याला ढकलून देगुई आत आला, धापा टाकत, एका हातात जेवणाचा डबा, दुसऱ्या हातात चोळायला दारूची बाटली. चेहरा पांढराफटक. तो सरळ जमिनीवर बसला.

“कुठं लागलं रे? हाड तर नाही ना मोडलं?”

“काही नाही हो बाबा. जरासं मुरगळलंय.”

“जरासं कसलं! उचलून नेलं तुला. कर, पाय पुढे कर.”

झिहाओनं पाय पुढे केला. बापानं तळहातावर दारू ओतली आणि घोट्याला चोळू लागला. कालवं फोडून चिरा पडलेले ते हात.

“स्स... हळू ना, बाबा,” झिहाओ कळवळला. तसं कळवळताही येतं आपल्याला, हे त्याला आत्ताच कळलं. डॉक्टरनं बी फोडली आणि गालात हसला.

देगुईचे हात मंदावले. मग थांबले.

“पडलास तेव्हा डावा धरला होतास,” तो म्हणाला.

झिहाओनं खाली पाहिलं. बापाच्या मांडीवर त्याचा उजवा पाय होता.

“लांबून... लांबून तसं वाटलं असेल तुम्हाला.”

“आजवर तुझं एवढंच तर बघायला मिळालं, पोरा. नीट बघितलं मी.”

बाहेर एकदम जल्लोष झाला. “बसला! शाननं मारला!” असं ओरडत डॉक्टर मैदानाकडे पळाला, बिया जमिनीवर सांडल्या. देगुईनं मुलाचा पाय हळूच खाली ठेवला, हात विजारीला पुसले आणि बाटलीचं झाकण लावलं. डबा त्यानं बाकावर सरकवला.

“सुरमईचे डंपलिंग आहेत. गरम आहेत तोवर खा. मी निघतो, बोट आहे.”

“बाबा, सामना अजून...”

“धुकं पडेल,” देगुई म्हणाला. बाहेर लख्ख ऊन होतं.

तो गेल्यावर झिहाओनं डबा उघडला. एक डंपलिंग तोंडात टाकलं. गिळवणार नाही असं त्याला वाटलं होतं, पण ते सहज उतरलं. मग त्यानं दुसरं घेतलं.