पोटोबाची पारख

मी कुत्र्यांचं जेवण चाखते. हे सांगितलं की लोक आधी हसतात, आणि मग माझ्या हातचा चहा घ्यावा की नाही, याचा विचार करतात. सव्वीस वर्षं झाली. कारखान्याचा पहिल्यापासूनचा नियम आहे: जे आपल्या तोंडात जात नाही, ते मुक्या जिवाच्या वाटीत जायचं नाही.

नियम घातला मालकीणबाईंच्या आजोबांनी. ते मूळचे पाववाले. न खपलेला पाव वाळवून, दळून, त्यात हाडांचा भुगा आणि बिटाचा चोथा घालून त्यांनी कुत्र्यांसाठी बिस्किटं भाजली. वर पाटी लावली, 'उत्तम मांसयुक्त'! मांस किती, तर बिस्किटांची गाडी खाटकाच्या दुकानावरून जायची, तेवढं. पुढे डबे आले. मोटारी आल्या तसे गाडीचे घोडे बेकार झाले आणि डब्यात गेले; ही गोष्ट आम्ही पाहुण्यांना सांगत नाही. मग लढाई लागली, पत्रा तिकडे गेला आणि पुन्हा कोरडा माल सुरू झाला. शेवटी वाफेवर पीठ फुगवून दाणे पाडणारं यंत्र आलं. त्यात मक्याचं पीठ, तांदळाची कणी आणि कोंबडीचं माणसं खात नाहीत ते सगळं, वाळवून. पण नुसत्या दाण्याला कुत्रं विचारत नाही. वरून गरम चरबीचा फवारा मारला की मगच शेपटी हलते. सगळी जादू चरबीत, आणि घातही तिथेच. ती जराशी खवट झाली की माल गेला. हा माल खाऊन कुत्रं आजारी पडणार नाही, एवढं प्रयोगशाळेचा कागद सांगतो. ते खाईल का, हे सांगायला मी.

चार महिन्यांपूर्वी मला ताप आला आणि जाताना माझं नाक घेऊन गेला. दाणा तोंडात टाकला तर नुसता खडू. आता हे सांगायचं कुणाला? माझी नोकरी त्या नाकावर, आणि मानही. मी मूग गिळून गप्प बसले आणि एक तोड काढली. रोज जेवणाच्या डब्यातून मूठभर नमुना घरी न्यायचा आणि आमच्या पोटोबाला द्यायचा. पोटोबा म्हणजे आमचा अकरा वर्षांचा कुत्रा. तो खायचा, आणि दुसऱ्या दिवशी मी "चालेल" म्हणायचे. मालकीणबाई सगळ्यांना कौतुकाने सांगत सुटल्या, "ताई आता रात्रभर विचार करतात." नाक गेलं आणि इज्जत वाढली, असं माझ्याच नशिबी.

गुरुवारी मात्र पंचाईत झाली. डाळीच्या पिठाचा नवा माल तयार होता, दाराशी ट्रक उभा होता. मी नेहमीसारखं म्हटलं, "उद्या सांगते."

"उद्या कसं चालेल, ताई? गाडी आत्ता निघतेय. चाखा की."

मी चाखला. मालकीणबाई, मशीनमास्तर, ट्रकवाला, सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. "चालेल" म्हणायला काय जात होतं? पण कुठल्यातरी घरी कुणीतरी वाटी भरणार होतं. माझी जीभ रेटेना.

"बाई, मला काही कळत नाही. चार महिने झाले."

"मग चार महिने चाखत कोण होतं?"

"आमचा पोटोबा."

मला वाटलं, झालं, आता घरी बसायचं. मालकीणबाईंनी ट्रकवाल्याला हाताने थांबायची खूण केली. मग म्हणाल्या, "बोलवा त्याला."

दहा मिनिटांत आमचे हे त्याला घेऊन आले. मी वाटीत नवा माल घातला. पोटोबाने वाटी चाटूनपुसून साफ केली. ट्रकवाल्याने टाळी वाजवली.

"थांबा," मशीनमास्तर म्हणाले. नव्या माणसांना शिकवायला आम्ही मुद्दाम खवट केलेला माल बरणीत ठेवतो. ती बरणी त्यांनी आणली. "ताई, आता हा द्या."

मी वाटी पुढे केली. पोटोबाने वास घेतला आणि एक पाऊल मागे सरला. माझ्या तोंडाकडे बघितलं. मग पुढे आला आणि एकेक दाणा खाऊ लागला.

मी वाटी ओढून घेतली. मी दिलंय म्हणून खात होता बिचारा! चार महिन्यांत त्याने कितीदा असं मन मारलं असेल, या विचाराने मला भरून आलं.

"तुम्ही जरा बाहेर उभ्या राहा," मालकीणबाई म्हणाल्या. मी दाराबाहेर गेले. आत त्यांनी स्वतःच्या हाताने खवट माल दिला, तर त्याने तोंड फिरवलं. नवा माल दिला, तर खाल्ला. ट्रक निघाला.

"नाक आहे त्याच्याजवळ," त्या बाहेर येऊन म्हणाल्या, "फक्त तुमच्यासमोर ते चालत नाही. सोमवारपासून त्याला घेऊन या. खायला देतील मास्तर, तुम्ही नव्या मुलींना शिकवा. आणि ताई, पुन्हा माझ्यापासून काही लपवलंत तर बघा!"

रागावल्या होत्या, पण नोकरी राहिली. इतकं हलकं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

संध्याकाळी घरी आमचा सगळ्यात जास्त खपणारा माल वाटीत घातला. अकरा वर्षं पोटोबा हाच खात आलाय. वाटी खाली ठेवली, आतल्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. खायचं की नाही, ते त्याचं त्याने ठरवावं.

थोड्या वेळाने बाहेरून यांची हाक आली, "अगं, तोंडसुद्धा लावलं नाही! माझ्या ताटाकडे बघत बसलाय."

मी पदर तोंडाला लावून हसत होते, आणि डोळ्यांचं पाणी काही थांबत नव्हतं.

"द्या त्याला," मी आतूनच म्हटलं. "काय मागतोय ते द्या."