मूळ प्रती पुसायच्या?

ज्या माणसाला फुटका मगसुद्धा फेकवत नाही, त्याच्या हाती कॉम्प्युटर देऊ नये. आमच्या भावोजींच्या हाती तो होता, आणि वर ते स्वतःला त्यातले जाणकार समजत. उथळ पाण्याला खळखळाट फार, दुसरं काय!

आमच्या ताईचं गाडी शिकवायचं केंद्र आहे. दोन गाड्या, एक ऑफिस. ताई शिकवते, भावोजी गाड्यांचं तेलपाणी बघतात, आणि मी, ताईची धाकटी बहीण, टेबलावर बसून शिकणाऱ्यांचे फॉर्म भरते. कॉम्प्युटर माझ्या टेबलावर असला तरी मालकी भावोजींची. सुरू केला की चहा करून, पिऊन, कप विसळून यावं, तेव्हा कुठे त्याला जाग यायची. साठवायची जागा म्हणाल तर आजकाल माणसाच्या खिशातल्या फोनमध्ये त्याहून जास्त असते.

आणि ती जागा कशाने भरली होती? भावोजींनी दोन्ही गाड्यांत कॅमेरे बसवले होते. रोजचा प्रत्येक धडा त्यात टिपला जायचा आणि संध्याकाळी कॉम्प्युटरवर उतरायचा. चार वर्षांचे धडे! कोणी खांबाला धडकलंय, कोणी उलटा गिअर टाकून भिंतीत घुसलंय, कोणी भर चौकात स्टिअरिंग सोडून डोळे झाकलेत. सगळे मूकपट, कारण कॅमेरे घेताना भावोजींनी सगळ्यांत स्वस्तातले घेतले आणि त्यांना माइकच नव्हता. जेवण झालं की खुर्ची ओढून भावोजी हे बघत बसायचे आणि पोट धरधरून हसायचे. बघितलेलंच पुन्हा बघायचे.

"भावोजी, हे पुसा," मी म्हणायची.

"असू दे गं. कधी काय लागेल सांगता येत नाही."

"मग मोठी डिस्क घ्या."

"हे चालतंय ना? मग कशाला?"

चालतंय म्हणे! एक फॉर्म उघडायला मला अर्धी पोळी खाऊन होत होती.

शेवटी एक दिवस जागा संपली आणि फॉर्मच साठवेना. तेव्हा भावोजींनी अकलेचे तारे तोडले. कुठूनसा एक फुकटचा प्रोग्राम आणून बसवला. पंधरा दिवसांत जी फाइल कोणी उघडली नाही, ती तो आपणहून दाबून लहान करायचा. मग संध्याकाळी सहाला, बंद करायच्या वेळी, पडद्यावर एक चौकट यायची. आज इतक्या फाइली लहान केल्या. मूळ प्रती पुसायच्या? खाली दोन बटणं, एक 'हो', एक 'नंतर'.

"मेव्हणीबाई," भावोजी म्हणाले, "तिथे 'नंतर' दाबायचं. पुसायचं काम मी एकेक बघून करीन."

ते कसलं करतायत! त्या माणसाने जन्मात काही पुसलेलं नाही. आता गंमत बघा. मोठी फाइल होतीच, शेजारी तिचं पिल्लूही येऊन बसायला लागलं. जागा वाचवायचा प्रोग्राम जागा खायला लागला. आठवड्याभरात मी भावोजींचं ऐकणं सोडलं. सहा वाजता ते गाड्या आत लावायला गेले की चौकट यायची आणि मी 'हो' दाबून मोकळी व्हायची. आत काय लिहिलंय, कुठल्या फाइली, कशाला वाचा? त्यांचेच ते भंगार धडे असणार. खरं सांगते, दाबताना मला फार बरं वाटायचं. कॉम्प्युटरही जरा हलायला लागला. भावोजी म्हणाले, "बघ, माझा प्रोग्राम!" मी हसले आणि गप्प बसले.

त्याच सुमाराला ताईचा घसा बसला. आम्हाला वाटलं, ओरडून बसला असेल. ताई शिकवायला लागली की रस्त्याच्या दोन्ही बाजूंची माणसं सावध व्हायची. काच वर असली तरी बाहेर शब्दन् शब्द ऐकू यायचा, आणि शिकणारे म्हणायचे, बाईंच्या आवाजानेच पाय ब्रेकवर जातो. पण घसा महिनाभर सुटेना. तपासण्या झाल्या. गाठ निघाली, वाईट जागी. डॉक्टर म्हणाले, जीव वाचेल, पण स्वरयंत्र काढावं लागेल.

ताई रडली नाही. म्हणाली, "म्हणजे मी बोलणार कशाने?"

तर हॉस्पिटलात एक आवाजवाल्या मॅडम होत्या. त्यांनी सांगितलं की ऑपरेशनच्या आधी ताईने बाराशे वाक्यं बोलून ठेवली, तर त्यावरून तिचा आवाज तयार करता येतो. मग ती टॅबवर लिहील आणि टॅब तिच्या आवाजात बोलेल. ताईच्या तोंडावर त्या दिवशी पहिल्यांदा रंग आला.

"रेकॉर्डिंग स्वच्छ हवं," मॅडम मला म्हणाल्या. "फाइली जशा होतील तशाच आणा. लहान वगैरे करू नका, त्यात आवाजाचे बारकावे जातात. आणि दर आठवड्याला झालं तेवढं देत जा."

मी मान डोलावली. मला शिकवतायत! आणि दर आठवड्याला कशाला? अर्धवट काम मला खपत नाही. बाराशे होऊ देत, एकदम नेऊन देईन.

आम्ही जेवणाच्या सुट्टीत ऑफिसचं शटर खाली ओढायचो, पंखा बंद, दाराला गोधडी. टेबलावरच्या कॉम्प्युटरला लावायला माइक मी माझ्या पैशाने आणला, कारण भावोजींनी आणला असता तर पुन्हा मूकपटच निघाला असता. ताई घामाघूम होऊन वाचायची. "आज हवा छान आहे. कृपया मला पाणी द्याल का?" मध्येच कागद आपटायची. "शी! कृपया? मी कुणाला कृपया म्हटलंय कधी?" मॅडमनी शंभर वाक्यं स्वतःची घालायला परवानगी दिली होती. ती ताईने एका दमात, न बघता बोलून टाकली, आणि ती इथे लिहिण्यासारखी नाहीत.

पाच आठवड्यांत बाराशे पुरी झाली. आवाज इतका वाईट नव्हता, घोगरा झाला होता एवढंच, पण खणखणीतपणा होता. एकदा रेकॉर्ड झालेल्या वाक्याला परत हात लावायचा नाही, हा नियम माझा. ऐकायला म्हणून उघडायचं, आणि कुणीतरी भलतंच बटण दाबायचं! भावोजींना तर मी बजावलं होतं. "त्या फोल्डरकडे बघायचंसुद्धा नाही." ते बिचारे लांबूनच जायचे. ऑपरेशन ताईच्या रक्तदाबामुळे तीन आठवडे पुढे गेलं, तरी तो फोल्डर कोणी उघडला नाही.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी मी फाइली पेन ड्राइव्हवर उतरवल्या. बाराशे फाइली, चहा उकळेपर्यंत उतरल्या. मला वाटलं, या डबड्याने आयुष्यात एकदा तरी चपळाई दाखवली.

तिसऱ्या दिवशी मॅडमचा फोन आला. "तुम्ही फाइली लहान केल्यात का?"

"छे!"

"सगळ्या दाबलेल्या आहेत. फोनवरून ऐकल्यासारखं येतंय. मूळ प्रती असतील ना?"

मला एका क्षणात कळलं. म्हणजे काय कळलं, तर भावोजींचा तो प्रोग्राम! मी हॉस्पिटलच्या जिन्यातच त्यांना गाठलं आणि ताईची सासू, नर्सबाई, लिफ्टवाला, सगळ्यांसमोर धुतलं. फुकटचं ते पौष्टिक, नाही का? तुमच्या चिकटपणापायी माझ्या बहिणीचा आवाज गेला! भावोजी पायरीवर बसले. "पण मी पुसलं नव्हतं गं काही," म्हणाले. मग थोड्या वेळाने, "चुकून दाबलं गेलं असेल माझ्याकडून."

मी ऑफिसात गेले. मूळ प्रती कुठेतरी असतीलच, या माणसाकडून काही पुसलं जाणं शक्य नाही, असं मनाशी म्हणत गेले. प्रोग्राममध्ये यादी होती. तारीख, वेळ, फाइलींची नावं. ताईची वाक्यं ओळीने, एक ते बाराशे. पुढे लिहिलेलं, मूळ प्रत पुसली. वेळ सहा वाजून एक मिनिट. सहा वाजून दोन मिनिटं. रोज.

सहाला टेबलावर कोण असतं?

आणि भावोजींचे धडे? जुने, विसरलेले तेवढे गेले होते, लाडके यादीत औषधालाही नव्हते. ते भावोजी रोज उघडून बघायचे ना! प्रोग्रामच्या लेखी ते उपयोगाचे. आम्ही ज्याला जिवापाड जपून हात लावला नाही, ते त्याला अडगळ वाटलं. दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने तासभर काहीबाही करून बघितलं आणि म्हणाला, पुसलेल्या जागेवर नवीन काहीतरी बसलंय, आता निघणार नाही. नवीन म्हणजे काय ते मी बघितलं. खांबाला धडकणारी एक बाई.

मी कोणाला सांगितलं नाही. पंधरा दिवस भावोजी मान खाली घालून वावरले आणि मी ते बघितलं.

ताई घरी आली. गळ्याला पट्टी, वजन निम्मं. मॅडम टॅब घेऊन आल्या. "आहे त्यातून जमेल तेवढं केलंय," एवढंच म्हणाल्या. ताईने घाईघाईने लिहिलं आणि बटण दाबलं.

"दारात गाडी आडवी कोणी लावली आहे?" टॅब म्हणाला.

गोड, गुळगुळीत, बायकी आवाज. सेवेसाठी एक दाबा म्हणणारी असते ना, तिचा. शब्द ताईचे होते, आवाजात ताईचं नखही नव्हतं. ताई टॅबकडे बघत राहिली. मग पुन्हा लिहिलं.

"ही कोण बाई?" त्या बाईनेच अदबीने विचारलं.

कोणी हसलं नाही. भावोजी नाक पुसत पुढे झाले. "माझ्यामुळे झालं. माझा तो प्रोग्राम. तू हजारदा सांगितलं होतंस, डबडं फेका म्हणून."

ताईने त्यांच्याकडे बघून काहीतरी लिहायला घेतलं.

"ताई, त्यांनी नाही," मी म्हटलं. "मी दाबलं. रोज सहाला, न वाचता. ते 'नंतर' दाब म्हणाले होते."

"राहू दे गं," भावोजींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "माझ्यासाठी तू कशाला अंगावर घेतेस?"

त्या माणसाला वाटलं, मी त्याला वाचवतेय! मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. मी फोनमध्ये त्या यादीचा फोटो काढून ठेवला होता. का ठेवला होता कोण जाणे. तो ताईपुढे धरला. तिने वेळा वाचल्या. एकेक ओळ वर सरकवत सगळ्या वाचल्या.

मग टॅबवर लिहिलं. "तुझ्यासारखी मूर्ख मी पाहिली नाही," ती बाई म्हणाली, जणू मला वाढदिवसाच्या शुभेच्छा देत होती. ताईने पुन्हा बटण दाबलं. पुन्हा तसंच, लाडात. ताईने टॅब पालथा घातला, मॅडमच्या हातातलं पेन ओढून घेतलं आणि औषधाच्या कागदामागे मोठ्या अक्षरांत लिहिलं.

हिला ओरडता येत नाही. तू ओरड. स्वतःवर.

"मी चुकले, ताई," मी पुटपुटले.

तिने टेबलावर हात आपटला. जोरात, असं लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या.

मी उभी राहिले. "अगं ए शहाणे! डोळे आहेत का बटाटे? समोर लिहिलेलं वाचता येत नाही? सगळी अक्कल तुलाच, बाकीचे बावळट, होय ना? बाराशे वाक्यं! एकदा तरी वाचून बघायचंस!" माझा आवाज चिरकला, शेजारची खिडकी उघडली, भावोजी भिंतीला टेकले. ताई माझ्याकडे बघत होती. तिचे ओठ माझ्याबरोबर हलत होते.

मी थांबले. तिचे ओठ थांबले नाहीत.