बेदाण्याच्या गाडीतली ताडपत्री

मुलांनो, जरा डोळे मिटा. नाक मात्र उघडं ठेवा, कारण ही गोष्ट नाकानं ऐकायची आहे.

चैत्रातली दुपार आहे. तासगावच्या अलीकडे एका फाट्यावर तुम्ही उभे आहात. समोर चहाची टपरी. टपरीच्या मागच्या भिंतीकडे माणसं कशासाठी जातात ते मी सांगत नाही, तुम्हाला वास आलाच असेल. बाकड्याच्या पायाशी तंबाखूच्या पिचकाऱ्या वाळून काळ्या झाल्या आहेत. टपरीवाला उष्टा ग्लास एका बादलीत बुचकळतो आणि लगेच त्यात दुसऱ्याचा चहा ओततो. बादलीतल्या पाण्याचा रंगही आता चहासारखाच झाला आहे. रस्त्याकडेला ट्रक लागलेत. तापलेलं रबर, डिझेल आणि भज्यांचं जळकं तेल यांचा मिळून एक वास येतोय.

आला नाकात? आता अशी कल्पना करा, की तुम्हाला इथं यायला फार आवडतं.

दीक्षाला आवडायचं. सत्त्याण्णव सालचा तो उन्हाळा. दीक्षा तेरा वर्षांची होती. तिची आई बाळाबाई फाट्यापासून थोड्या अंतरावर तात्याबांच्या बेदाण्याच्या शेडवर कामाला जायची. सकाळची शाळा सुटली, की दीक्षा आईला डबा द्यायला निघायची आणि वाटेत त्या टपरीपाशी थांबायची. ट्रककडे बघत उभी राहायची. एवढं मोठं धूड एक माणूस चालवतो, आणि संध्याकाळी तो सांगलीत असतो, दुसऱ्या दिवशी साताऱ्यात, याचं तिला फार नवल वाटे. आपणही हेच करायचं, असं तिनं ठरवून टाकलं होतं. घरी कोणाला सांगितलं नव्हतं. मग सल्ला विचारायचा कुणाला? ज्यांचं काम आहे त्यांनाच.

एके दिवशी ती सरळ बाकड्यापाशी गेली. तिथं नानासो नावाचा ड्रायव्हर बसला होता. पन्नाशीचा, पिकल्या मिशांचा. शेजारी त्याचा क्लीनर केरबा.

"काका, मला गाडी शिकायचीय. लायसन कवा मिळतं?"

बाकडं हसलं. केरबा म्हणाला, "सायकल येती का तुला?"

"येती. डबलसीटबी येती."

"डबलसीट! नाना, तुमची नोकरी गेली बगा."

नानासो हसला नाही. तंबाखू मळता मळता म्हणाला, "मोठ्या गाडीचं लायसन वीस वर्सं भरल्याबिगर न्हाई. तवर दम हाय का?"

"हाय."

"क्लचवर पाय पोचतोय का तुजा?"

"वीस भरूस्तवर पोचंल की."

आता नानासोही हसला. "बस गड्या," तो म्हणाला, आणि टपरीवाल्याला आणखी एक चहा सांगितला. मुलीला कुणी गड्या म्हणतं का? पण दीक्षाला त्या एका शब्दानं आभाळ ठेंगणं झालं.

चहा त्याच बादलीतल्या ग्लासातून आला. कडेला कुणाच्या तरी ओठांचा लाल डाग होता. दीक्षानं तो डाग बघितला, डोळे मिटले आणि चहा पिऊन टाकला. ड्रायव्हर लोक पितात, मग आपण का नाही, असं तिला वाटलं.

मग ती रोजच बसू लागली. नानासो शिकवायचा, हे खरंच. चाकावर लोखंडी पान्यानं ठोकून हवा कशी ओळखायची, इंजिनातलं ऑइल कसं बघायचं, घाट उतरताना गिअर काढून गाडी मोकळी का सोडायची नाही, हे त्यानं तिला नीट समजावून सांगितलं. आणि शिकवता शिकवता तो तिच्या चपलेजवळ थुंकायचा. काळ्या बोटांनी कान कोरून त्याच बोटांनी भजं मोडायचा आणि अर्धं तिला द्यायचा. तिला मळमळायचं. पण ती भजं खायची. हीसुद्धा एक परीक्षा आहे, असं तिनं मनाशी धरलं होतं. किळस दाखवली, तर "बाईमाणूस ते" म्हणून हसतील आणि उठवतील, याची तिला भीती होती.

"आनि एक ध्यानात ठेव," नानासो एकदा म्हणाला. "गाडीतलं गाडीत. आमी एकमेकाचं कवा भायेर सांगत न्हाई. म्हनून तर रानावनात टायर फुटलं, तरी कोनबी थांबतंय आमच्यासाठी."

हे दीक्षाला फार आवडलं होतं.

त्या आठवड्यात नानासो उंब्रजकडून कोंबडखत आणत होता. छाटणी झाली, की द्राक्षबागांना ते खत लागतं. कोंबड्यांच्या शेडमधला भुसा, त्यात मुरलेली शीट, पिसं, अंड्यांची टरफलं आणि मध्येच एखादी मेलेली कोंबडी, असा तो माल. गाडी फाट्यावर येण्याआधी तिच्या माश्या येत. वास नाकात न थांबता डोळ्यांत जाई आणि पाणी काढी. एका बागेत खत खाली करून नानासो त्या दिवशी दुपारी टपरीवर आला आणि म्हणाला, "चल गड्या, आज केबिनात बस. तुज्या आईच्याच शेडवर जायचंय. बेदाना भरायचाय, सांगलीला."

दीक्षा केबिनमध्ये चढली. तिथून रस्ता किती खाली दिसतो! वाटेत भेटलेल्या टँकरच्या ड्रायव्हरनं हात वर केला, तर नानासोच्या आधी हिनंच हात वर केला. तो शेडपर्यंतचा रस्ता तिला आणखी लांब हवा होता.

शेड म्हणजे काय, तेही डोळ्यांसमोर आणा. वरून जाळी, आत मजल्यामजल्यांवर वाळणारी द्राक्षं, आणि खाली सावलीत बसून बेदाण्याच्या काड्या वेचणाऱ्या बाया. तात्याबांची शिस्त कडक. त्या उन्हाळ्यात प्यायलाही टँकरचं पाणी होतं, तरी हात धुतल्याशिवाय आणि डोक्याला फडकं बांधल्याशिवाय बाईला मालापाशी बसू देत नसत. बाळाबाईंची नखं मुळापर्यंत कापलेली असायची. वेचलेला पिवळाधमक बेदाणा जाळीदार क्रेटांत भरून ठेवलेला होता.

केरबानं गाडी मागं घ्यायला लावली. शेडपासून थोडं अलीकडेच नानासोनं ब्रेक दाबला.

"दीक्षा, मागं चढ. टपावर ताडपत्री हाय, ती हौद्यात अंथर झटक्यात. केरबा धरंल दुसरी बाजू."

दीक्षा आनंदानं मागं चढली. चाकावर पाय, मग फाळक्यावर, मग आत. आणि ती उभीच राहिली.

हौदा धुतलेला नव्हता. झाडलेलाही नव्हता. फळ्यांवर खताचा ओला थर तसाच होता, कोपऱ्यांत तर टाच बुडेल एवढा. उन्हानं तो आंबून फसफसत होता. त्यात बारीक पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या. एका फटीत कोंबडीचा पाय अडकला होता, पिवळा, नखांसकट. दीक्षाच्या चपलेचा तळ चिकटला आणि उचलताना त्याचा आवाज आला.

"काका, हे धुवायचं राह्यलंय."

"धुवायला पानी कुटं हाय? बागा वाळाय लागल्यात. अंथर ताडपत्री, काय दिसत न्हाई."

"पर क्रेटांना खालनं भोकं हायती."

"मग? ज्याला खायचाय तो धुऊन खाईल." नानासो खालून हसत म्हणाला. "सगळ्या गाड्या अशाच भरत्यात. तू आता आमच्यातली हायस न्हवं? धर ते टोक."

केरबानं ताडपत्रीची घडी तिच्या हातात दिली. ताडपत्री स्वच्छ निळी होती.

मुलांनो, किळस येणं ही लाजायची गोष्ट नाही. अंगानं दिलेली ती हाक असते. दीक्षा इतके दिवस ती हाक दाबत आली होती. ग्लासाचा डाग तिनं गिळला, भजं गिळलं. ते फक्त तिच्या पोटात जात होतं. हे मात्र दुसऱ्यांच्या पोटात जाणार होतं, आणि वर आईच्या हातचं म्हणून जाणार होतं. तिला नानासोच्या हसण्याचीच किळस आली. तिनं हातातली घडी सोडली, खाली उडी मारली आणि पळत जाऊन आईचा हात धरला.

"आई, हौद्यात चढून बघ."

बाळाबाई चढल्या. बघितलं. उतरल्या, चपला काढून बाजूला फेकल्या आणि उचललेलं पहिलं क्रेट बायांना परत आत ठेवायला लावलं.

तात्याबा धावत आले. "आगं बाळाबाई, उद्या सकाळी सौदा हाय सांगलीत. भरा की."

"आवं मालक, सकाळधरनं चारदा हात धुवाय लावलासा आमाला. कशापायी? वर चढून बघा एकदा."

मालक चढले आणि धोतराचा सोगा नाकाला लावून तसेच उतरले. नानासोचा चेहरा लाल झाला होता.

"एवडं सोवळं हाय, तर पोरीलाच सांगा की हौदा खरडायला. ड्रायव्हर व्हायचंय न्हवं तिला?"

बाळाबाईंनी आवाज चढवला नाही. "माजी पोरगी तुमची घान काढनार न्हाई. गावाची घान काढायचं तिच्या आज्ज्यानं सोडलं, त्येला चाळीस वर्सं झाली. गाडी ज्येची, त्येनं काढावी."

बाया क्रेटांपुढे मांडी घालून बसल्या. मालकांनी सौद्याचा विचार केला, बायांकडे बघितलं आणि टँकरमधलं एक बॅरल पाणी मोकळं केलं. मग नानासो आणि केरबा खोरं घेऊन हौद्यात उतरले. फाळका उघडल्यावर ते काळं पाणी बाहेर आलं, तेव्हा शेडवरचं कुत्रंसुद्धा उठून लांब गेलं. फळ्या दिसू लागल्या, तेव्हा ऊन उतरलं होतं. मगच माल भरला गेला.

निघताना नानासो दीक्षापाशी थांबला. "आमच्यातली समजून केबिनात बसवली तुला. परत बाकड्याकडं फिरकू नगंस. आनि मी सगळ्यांस्नी सांगनार हाय. कोनबी तुला गाडीला हात लावू देनार न्हाई."

दीक्षा रडली. खोटं कशाला सांगू, खूप रडली. बुद्धविहारामागच्या आपल्या घरापर्यंत ती रडतच गेली. बाळाबाईंनी तिला रडू दिलं. घरी गेल्यावर राखेनं तिच्या चपला घासता घासता विचारलं, "ड्रायव्हर व्हायचं ठरिवलंयस, व्हय गं? आज कळलं मला."

"व्हय."

"अजून व्हायचंय?"

दीक्षानं नाक पुसलं. थोडा विचार केला. "व्हय."

"मग तसल्या मानसास्नी इचारून न्हाई जमायचं," बाळाबाई म्हणाल्या आणि चपला भिंतीला उभ्या करून ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर दीक्षा फाट्याकडे वळली नाही. ती गावाच्या दुसऱ्या अंगाला, वजनकाट्यावर गेली. तिथं रहिमतपूरहून आलेली ज्वारीची गाडी पोती उतरवून रिकामी वजनाला उभी होती. केबिनमध्ये एक अनोळखी ड्रायव्हर टॉवेलनं मान पुसत होता. दीक्षा आधी गाडीच्या मागं गेली. चाकावर पाय देऊन वर चढली, हौद्यात डोकावून कोपरे नीट बघितले आणि वाकून फळ्यांचा वास घेतला. वास नुसत्या ज्वारीचा होता. मग खाली उतरून केबिनच्या दाराशी गेली आणि म्हणाली, "काका, मला गाडी शिकायचीय. तुमी कुनाकडनं शिकलासा?"