चिखलातल्या बत्तीस नवऱ्या

नदी आमच्या गावात शिरून गेली, त्याला सहा दिवस झाले होते. घराघरांत कमरेएवढा चिखल, आणि अंगावर होते तेवढेच कपडे, तेही ओले. मग मदतीचा पहिला ट्रक आला. फावडी आली, बीन्सची पोती आली. बाकी सगळ्या खोक्यांतून लग्नाचे झगे निघाले. पांढरेशुभ्र, मोती लावलेले, मागे दोन-दोन वार लोळणारे.

"हे काय?" मी ड्रायव्हरला विचारलं.

"कागदावर 'कपडे' लिहिलंय, मास्तर. सही करा."

दुसरं कोरडं काही नव्हतं. आधी बायकांनी घातले, मग झक मारत आम्ही. सेल्सो खाटीक म्हणजे शंभर किलोचा मिशाळ गडी. त्याचा झगा पाठीवर मिटेना, म्हणून सुतळीने आवळला. बत्तीस नवऱ्या शाळेतला चिखल उपसू लागल्या. पलीकडच्या गावचे पाद्री होडीतून आले, आम्हाला बघून त्यांनी छातीवर क्रूसाची खूण केली आणि दबक्या आवाजात विचारलं, "लग्न कुणाचं?"

"आमचं, फादर. चिखलाशी," सेल्सो म्हणाला. "आशीर्वाद द्या, नाहीतर फावडं घ्या."

पाद्र्यांनी फावडं घेतलं.

दोन्या ओबदुलियाला ('दोन्या' म्हणजे आमच्याकडे मानाने 'बाई') यातलं काही दिसत नव्हतं. गावातले कपडे तीच शिवायची. तिचा मुलगा नेफ्ताली पुरात गाय सोडवायला गेला, तो परतलाच नव्हता. तेव्हापासून ती शाळेच्या छपरावर बसून नदीकडे बघत होती. मी शिडी चढून तिच्याशी देवाविषयी बोललो. तिने मान वळवली नाही. माझ्या बायकोने नेलेली मक्याची भाकरी, तोर्तिया, तशीच वाळली.

सातव्या दिवशी दुपारी सेल्सो स्वतःच्याच झालरीत पाय अडकून तिसऱ्यांदा तोंडावर आपटला.

"मेल्या, वर धर ती झालर!" छपरावरून आवाज आला. "सॅटिन आहे ते!"

आमची फावडी जागच्या जागी थांबली.

"आणि कंबर काखेत आवळलीस? बैल बांधलाय का? ये वर. नको, छप्पर बसेल. मीच येते."

सुई तिच्या कॉलरला सात दिवस टोचलेलीच होती. सेल्सोच्या सुरीने तिने एकेक झगा गुडघ्याशी कापला. उरलेल्या कापडाचे बाळांना लंगोट झाले, पट्ट्या झाल्या, पाणी गाळायची फडकी झाली. आम्हाला शिव्या देता देता माझ्या बायकोच्या हातातल्या दोन तोर्तिया तिने कधी खाल्ल्या, तिलाही कळलं नाही.

दहाव्या दिवशी नेफ्ताली सापडला, खाली केळीच्या बागेत.

दोन्या ओबदुलियाने त्याला शर्ट शिवायला खोक्यात उरलेला, न कापलेला शेवटचा झगा मागून घेतला. कुणी माप आणू का विचारलं, तर म्हणाली, "माझ्या पोराचं माप मला सांगता? डावा खांदा जरा उतरता आहे त्याचा." मग थांबली. "या खेपेला थोडा सैल ठेवते."

शिवताना ती रडत होती आणि टाके सरळ पडत होते. शर्टाला मोत्यांची बारा बटणं लावली. संध्याकाळी त्याच शर्टात आम्ही त्याला पुरलं. चिखलाने माखलेल्या बत्तीस नवऱ्या कबरीभोवती उभ्या होत्या, आणि कुणालाही हसू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती शाळेच्या पायरीवर बसली होती.

"मास्तर, काखेत उसवलंय तुमचं. काढा."

"काढून घालू काय?"

"काही नका घालू. वर्ग तुमचाच आहे ना? बाकाखाली बसा."

मी बाकाखाली जाऊन बसलो. बाहेर ती सेल्सोवर ओरडत होती, उसवलेल्यांची रांग नीट लाव म्हणून.