बॅटरी चार दिवस टिकते

मी लॅपटॉपची परीक्षणं लिहिते. म्हणजे लोक ज्या वस्तू विकत घेऊन पस्तावतात, त्या मी आधी वापरून त्यांच्या वतीने पस्तावते. मासिकात माझं एक पान ठरलेलं असतं: डावीकडे जमेच्या बाजू, उजवीकडे उण्या बाजू, खाली तारे. माझा स्वभाव असा की उजवा रकाना नेहमी लांबतो. बाबा मला लहानपणापासून मिरची म्हणतात, आणि हे नाव संपादकांनाही कुठून तरी कळलं आहे.

त्या छोट्या लॅपटॉपला मात्र मी साडेचार तारे दिले होते. वजन किलोच्या आत, अंग धातूचं, आत पंखाच नाही म्हणून आवाजाचं नाव नाही. किंमत भरमसाट होती, वायरी जोडायला दोनच जागा होत्या आणि स्क्रीन जेमतेम बारा इंचांची होती. स्क्रीनबद्दल मी लिहिलं होतं, "दोन दिवसांत सवय होते." हे वाक्य मी बऱ्याच परीक्षणांत वापरते, कारण त्याने वाचकही नाराज होत नाही आणि कंपनीही.

पुढे अकरा दिवस बाकीच्या लॅपटॉपशी तुलना करून तोच मी बाबांसाठी घेतला. बाबा यंत्रांच्या माहितीपुस्तिकांची भाषांतरं करतात. शिलाई मशीन, पाण्याचा पंप, केस वाळवायचं यंत्र, काय म्हणाल ते. आता त्यांच्याकडे एकच गिऱ्हाईक उरलंय, लिफ्ट बनवणारी एक कंपनी. त्या कंपनीने देखभालीचं दोनशे पानी पुस्तक पाठवलं आणि नेमका त्याच आठवड्यात बाबांचा जुना कॉम्प्युटर कायमचा बसला. बाबा एकटे राहतात. हे काम हातचं गेलं तर सकाळी उठून करायचं काय, या विचारानेच ते अर्धे झाले होते.

लॅपटॉप आला तेव्हा टेबलाची अर्धी जागा खाणारा जुना मॉनिटर मीच भंगारात काढला. त्यावर बाबा अक्षरं एवढी मोठी करून ठेवत की मी चिडवायचे, "बाबा, रस्त्यापलीकडच्या माणसालाही वाचता येईल हे." ते नुसते हसायचे.

आमच्या मासिकात 'दोन महिन्यांनी' नावाचं सदर आहे. वस्तू रोज वापरणाऱ्याला विचारून तिला पुन्हा तारे द्यायचे. यासाठी बाबा हक्काचे होते. मी दोन-तीन दिवसांनी फोन करायचे आणि ते सांगतील ते टिपून घ्यायचे.

"तापतो का हो?"

"अजिबात नाही. गार असतो."

"आवाज?"

"छे. घरात आहे हेसुद्धा कळत नाही."

"कीबोर्डवर बोटांचे डाग पडतात?"

"एकही नाही. काल आणल्यासारखा दिसतो."

"आणि लिफ्टचं पुस्तक?"

"चाललंय. शंभर पानं उलटून गेली."

सातव्या आठवड्यात त्यांनी सांगितलं, की बॅटरी चार दिवस टिकते. मी खुर्चीतून उडालेच. कंपनी स्वतः चौदा तास म्हणत होती. हे सगळं सविस्तर लिहून मी लेख संपादकांकडे पाठवला आणि शाबासकीची वाट बघत बसले.

संपादक चहाचा कप घेऊन माझ्या टेबलाशी आले.

"मिरची, हा लॅपटॉप आहे की भिंतीवरचं घड्याळ?"

"वापरणारा माणूस सांगतोय, सर."

"वापरणारा?" त्यांनी माझ्या डाव्या रकान्यावर बोट ठेवलं. "तापत नाही, आवाज नाही, डाग नाही, बॅटरी चार दिवस. आमच्या इस्त्रीबद्दल मीही हेच सांगेन. मी ती कधी हातात घेतलेली नाही."

माझं डोकंच फिरलं. आधी संपादकांवर, मग ऑफिसच्या दारापर्यंत पोचेस्तोवर बाबांवर. एवढी किंमत मोजलेली वस्तू शोभेला ठेवतात म्हणजे काय? बसमध्ये मी तीन भाषणं तयार केली, एकापेक्षा एक झणझणीत.

दार उघडून बाबा म्हणाले, "अगं, न कळवता आलीस?"

"लॅपटॉप कुठाय?"

त्यांची नजर कपाटाकडे गेली. त्यांना खोटं बोलता येत नाही. पुढे माझ्या लक्षात आलं, की फोनवरही ते एक अक्षर खोटं बोलले नव्हते.

कपाटात इस्त्रीच्या शर्टांवर, उशीच्या अभ्र्यात घालून लॅपटॉप ठेवला होता. त्याच्याखाली कागदांचा गठ्ठा आणि एक भिंग. कागदांवर लिफ्टच्या पुस्तकाचं भाषांतर होतं, जाड स्केचपेनने लिहिलेलं. पहिल्या कागदावर बारा ओळी होत्या. पुढे अक्षर वाढत गेलं होतं आणि ओळी कमी होत गेल्या होत्या. शेवटच्या कागदावर एकच वाक्य मावलं होतं: "दार बंद होत असताना मध्ये हात घालू नये." कागद होते एकशे चाळीस, आणि पुस्तकाची पानं झाली होती अठरा.

तळाशी कंपनीला लिहिलेलं पत्र होतं. प्रकृतीच्या कारणामुळे हे काम पुढे करणं शक्य नाही, क्षमस्व. सही केली होती, तारीख घालायची राहिली होती.

त्या पत्राच्या मागे बाबांनी पट्टीने रेघ मारून दोन रकाने आखले होते. डावीकडे लिहिलं होतं: हलका. देखणा. मुलीने अकरा दिवस खपून निवडला. उजवीकडे: अक्षर दिसत नाही. मोठं केलं तर ओळीत तीनच शब्द मावतात. मुलीला सांगता येत नाही. आणि खाली, तारे: साडेचार.

माझी तिन्ही भाषणं विसरून मी खाली बसले.

"कधीपासून दिसत नाही, बाबा?"

"झालं असेल वर्ष. जुन्यावर भागत होतं."

"मग हा उघडलाच नाहीत?"

"रोज उघडायचो की. पाच-दहा मिनिटं बघायचो, काही जमतंय का." ते कागद नीट लावत बसले. "तू लिहिलं होतंस ना, दोन दिवसांत सवय होते. मला वाटलं, आपलं वय झालंय, आपल्याला जरा जास्त लागतील."

मला रडू आलं. लाज वाटली म्हणून आलं. दोन महिन्यांत मी वीसेक फोन केले असतील. लॅपटॉपला ताप आहे का, तो कुरकुरतो का, त्याच्या अंगावर डाग आहेत का, सगळं विचारलं होतं. बाबांची चौकशी एकदाही केली नव्हती. बाबा मात्र घाईघाईने मलाच पाणी आणायला गेले, आणि येताना म्हणाले, "लॅपटॉप चांगला आहे गं. तारे कमी करू नकोस."

ते पत्र मी पर्समध्ये टाकलं. दुसऱ्या दिवशी माझ्या घरचा सत्तावीस इंची मॉनिटर रिक्षात मांडीवर घेऊन त्यांच्याकडे पोचवला. लॅपटॉपच्या दोन जागांपैकी एक मॉनिटरने घेतली, दुसरी माऊसने, आणि चार्जर लटकत राहिला. मी त्या दोन जागांच्या नावाने खडे फोडत होते, तेव्हा मागून बाबांचा आवाज आला. ते स्क्रीनवरचं वाचत होते. आधी अडखळत, मग सलग. खाली पान संपलं तरी थांबले नाहीत, पुढचं पान घेतलं.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू सांगितला. लिफ्ट कंपनीने महिनाभराची मुदत वाढवून दिली, बाबांनी स्वतः टाईप करून मागितली म्हणून. लेख मी मागे घेतला आणि वेबसाइटवरच्या जुन्या परीक्षणातलं ते सवयीचं वाक्यही काढून टाकलं.

पंधरा दिवसांनी मी फोन केला.

"बाबा, डोळे कसे आहेत?"

"डाव्याचं ऑपरेशन झालं, ठीक चालतो. उजव्याचं सर्व्हिसिंग सोमवारी."

"जेवलात?"

"जेवलो. बरं, तू लिहून घे आधी, मला काम आहे. हा तापतो. मधल्या दोन बटणांवर डाग पडलेत. आणि बॅटरीला काही अर्थ नाही. सकाळी सातला बसतो, तर दोनला मान टाकते. परवा ऐन रंगात आलो होतो, शहाण्णव नंबरच्या पानावर."

"शहाण्णव?"

"पुस्तकातलं पान म्हणतोय मी. ठेव आता."

मी नवा लेख उघडला आणि उजव्या रकान्यात लिहिलं: बॅटरी जेमतेम सात तास. एवढ्या आनंदाने मी आजवर कुठल्याच वस्तूची खोड काढली नव्हती.